लाईन येते तेव्हा

मे महिन्यात जवाहरनगरातल्या माणसाला रात्री जाग येते ती आवाज थांबल्यामुळे. खिडकीतला कूलर तासन्‌तास घरघरत असतो, पंपानं वर चढवलेलं पाणी ताट्यांवरून ठिबकत असतं. त्या घरघरीची कानाला इतकी सवय झालेली असते की ती तुटली की डोळे आपोआप उघडतात. पंखा शेवटच्या दोन-चार गिरक्या घेतो. बाजूच्या घराची कडी वाजते आणि अंधारातून प्रश्न येतो, "भाऊ, तुमच्याकडे आहे का लाईन?"

पुण्या-मुंबईकडे लाईट जातात, आमच्याकडे लाईन जाते. शब्द आमचा जास्त खरा आहे, कारण जाते ती तारच असते. कुठेतरी बाभळीची फांदी तारेवर पडलेली असते, डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, डीओ फ्यूज उडालेला असतो किंवा खांबावरचा जंपर जळालेला असतो. आणि शेजाऱ्याचा तो प्रश्नही भोळा नाही. अंधार झाल्यावर पहिल्यांदा विचारायचा प्रश्न तोच. सगळ्या गल्लीत अंधार असेल तर काम लाईनमनचं. फक्त आपल्याच घरी असेल तर बिघाड आपल्या भिंतीत आहे, आणि तो काहीतरी सांगू पाहतोय. अशा वेळी खाली पडलेली एमसीबी दोन-तीनदा जबरदस्तीनं वर करत बसणारे महाभाग घरोघर आहेत. मीही त्यांतलाच होतो.

नागपूर-भंडारा महामार्गावरचं हे गाव आयुध निर्माणीमुळे वसलं. भंडाऱ्याची निर्माणी म्हणून देश तिला ओळखतो. ऑक्टोबर 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. इथे तोफगोळ्यांना लागणारी प्रणोदकं आणि स्फोटकं बनतात. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी इथल्या एका विभागात स्फोट झाला, छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. तेव्हापासून जवाहरनगरचं नाव राज्यभर कळलं, पण ज्या कारणानं कळलं त्यापेक्षा न कळलं असतं तर बरं, असंच इथल्या कुणालाही वाटेल.

स्फोटकांच्या कुठल्याही कारखान्यात ठिणगीचं एक वेगळंच शास्त्र असतं. आगपेटी फाटकाच्या बाहेर राहते. हत्यारं ठिणगी न उडणाऱ्या धातूची असतात. धोक्याच्या इमारतीत पाय टाकण्याआधी अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडावी लागते, आणि अर्थिंग किती ओहम भरतं ते ठरल्या वेळी मोजून वहीत लिहिलं जातं. आयुष्यभर हे नियम पाळलेला माणूस संध्याकाळी घरी येतो, अनवाणी पायानं ओल्या फरशीवर उभा राहतो आणि दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या लोखंडी कूलरच्या टपात हात घालतो. यात त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. नियम जागेला चिकटलेले असतात, माणसाबरोबर घरी येत नाहीत.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात. बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते, आणि महावितरणचं पत्रकही दरवर्षी त्याच सुमारास निघतं: पाणी भरताना कूलर बंद करा, तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा. लोक वाचतात आणि पाणी भरायला उठतात. या अपघातांची एक तऱ्हा मला विशेष घातक वाटते. लाईन गेलेली असते. माणूस म्हणतो, चला, तोवर पाणी तरी भरून घेऊ, अडकलेला पंप हलवून बघू. लाईनच नाही तर शॉक कसला? कूलरचं बटन चालूच राहिलेलं असतं, कारण अंधारात चालू बटन आणि बंद बटन सारखंच दिसतं. हात पाण्यात असतानाच गल्लीच्या टोकाकडून पोरांचा ओरडा येतो, "लाईन आलीऽऽ!"

आपण लहानपणापासून अंधाराला भीत आलो. घरातल्या विजेच्या बाबतीत मात्र अंधाराचा काळ त्यातल्या त्यात निर्धोक असतो; भीती बाळगायची ती उजेड परत येतो त्या क्षणाची. लाईन परत येताना कुणाला विचारून येत नाही.

बटन बंद केलं तरी भागत नाही, प्लगच उपसून काढायचा. कारण बटन एकाच तारेवर असतं. वायरिंग करणाऱ्यानं चुकून ते न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर बटन बंद असतानाही फेज कूलरच्या पोटात जाऊन बसलेली असते. पाण्यात बुडालेल्या पंपाचं सील दोन-तीन हंगामांत पिचतं, आणि मग टपातलं पाणी, लोखंडी पत्रा आणि खिडकीचे गज सगळं एकाच तारेला जोडल्यासारखं होतं.

"आमच्याकडे अर्थिंग आहे," असं घरमालक छातीठोकपणे सांगतो. असेलही. मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी घर बांधताना होती. पण मे महिन्यात इथली जमीन भेगाळते, ओल खोल जाते आणि त्या खड्ड्याचा रोध वाढत जातो. समजा तो 30 ओहम झाला. 230 व्होल्टला 30 नं भागा, जेमतेम आठ अँपिअर येतात. सोळा अँपिअरची एमसीबी एवढ्यानं ढिम्म हलत नाही. ती बसवलेली असते तार वाचवायला, माणूस वाचवायला नव्हे. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी काळीज थरथरून थांबू शकतं. जुन्या लाकडी बोर्डावर फ्यूज उडू नये म्हणून तांब्याची जाड दोरी वळून बसवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण माणूस वाचवणारं यंत्र वेगळं आहे. दुकानात ते आरसीसीबी म्हणून मिळतं, जुने इलेक्ट्रिशियन सवयीनं ईएलसीबी म्हणतात. घरात गेलेला करंट आणि घरातून परतलेला करंट यांचा ते सतत हिशेब ठेवतं. 30 मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे कुठूनतरी, कदाचित कुणाच्या अंगातून, वीज जमिनीत चाललीय असं दिसलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत घर बंद. त्यावर एक छोटं बटन असतं, 'टेस्ट' लिहिलेलं. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. दाबतो कोण?

लाईन परत येण्याचा क्षण फक्त कूलरवाल्याचाच असतो असं नाही. मिक्सरच्या भांड्यात अडकलेलं खोबरं बोटानं काढणारी आई, गादीवर तशीच टेकवून ठेवलेली इस्त्री, बादलीबाहेर काढून पाटावर ठेवलेला पाणी तापवायचा रॉड, कडबा कापायच्या यंत्रात अडकलेला पेंढा ओढणारा गडी, ही सगळी त्याच एका क्षणाच्या रांगेत उभी आहेत. गॅसचा वास येत असेल तर हा क्षण आणखी वाईट. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. अंधारात काय झालं ते बघायला माणूस आगपेटी शोधतो. शहाणा असला तर तो काडी ओढणार नाही, कुठलं बटनही दाबणार नाही. पण लाईन आली की फ्रिज आपणहून सुरू होतो, आणि त्याच्या आतली चिमुकली ठिणगी गॅसला पुरते. म्हणून वास आला की आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, माणसं अंगणात, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

लाईन आली आणि दोन मिनिटांत पुन्हा गेली, हा अनुभव नसलेला माणूस भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. मग शिव्या खातो लाईनमन. कागदोपत्री तो आता 'जनमित्र' आहे, शिव्या मात्र लाईनमन म्हणूनच खातो. यात खूपदा दोष आपलाच असतो. लाईन जाते तेव्हा कुणीच काही बंद करत नाही. ती येते तेव्हा गल्लीतले सगळे कूलर, फ्रिज, पाण्याच्या मोटारी, एसी एकदम उठतात, आणि कुठलीही मोटार उठताना चालू असतानापेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते. डीपीला हा धक्का सोसत नाही. डीओ उडतो आणि पुन्हा अंधार. फ्रिजची गोष्ट आणखी नाजूक. बंद पडल्यावर त्याच्या कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर तो अडतो, तापतो, आणि असं वारंवार झालं तर जळतो.

हे केवळ गल्लीचं दुखणं नव्हे. 5 एप्रिल 2020 ला, टाळेबंदीत, देशानं रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवले तेव्हा विजेची मागणी बघता बघता सुमारे 31,000 मेगावॅटनं घसरली आणि तितक्याच झपाट्यानं परत चढली. ती रात्र सांभाळायला जलविद्युत केंद्रं आधीपासून सज्ज ठेवावी लागली होती. फक्त दिवे घालवा, पंखे आणि फ्रिज चालू राहू द्या, असं वीज खात्यानं सांगितलं ते याच धास्तीनं. नऊ मिनिटांनंतरचा उजेड सोसायला देशाच्या ग्रिडला तयारी करावी लागते, मग आपल्या डीपीची काय कथा!

आमच्या घरी आता लाईन गेली की एक दिवा सोडून सगळं बंद होतं. तो दिवा आला म्हणजे लाईन आली हे कळतं. पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसायचं. तो डोळे दिपवणारा पांढराफटक पेटला, किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत भगभगीत दिसला, तर मेन स्विच लगेच खाली. न्यूट्रल तुटलेला असण्याची ही खूण आहे. अशा वेळी 230 च्या जागी 400 च्या जवळपास व्होल्ट घरात शिरू शकतात आणि एका सेकंदात टीव्ही, राऊटर, चार्जर सगळे धूर सोडतात. एक दिवा गेला तर चाळीस-पन्नास रुपयांत भागतं.

जनित्र असलेल्यांनी आणखी एकाचा विचार करायचा असतो. लग्नघरी, दुकानात, कधी बंगल्यातही, दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर असते. जनित्राची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी घरात घालायची जुगाडू वायर. मेन स्विच पाडायला विसरलं की ती वीज घरात थांबत नाही, मीटरमधून मागे डीपीपर्यंत जाते. डीपी 11,000 चे 230 करतो तसा उलटीकडून 230 चे 11,000 करतो. त्या वेळी वर खांबावर कुणीतरी लाईन बंद आहे या विश्वासानं तार जोडत असतो. म्हणून तर लाईनमन काम सुरू करण्याआधी तारा जमिनीशी जोडून घेतो. तरीही चेंजओव्हर स्विच न बसवता जनित्र चालवणं म्हणजे त्याच्या विश्वासावर आपली गंमत चालवणं. आणि जनित्र घराबाहेर, खिडकीपासून लांबच हवं. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त ओढीनं धरतं. बंद खोलीत झोपलेल्याला जाग येत नाही.

धुराबद्दल या जिल्ह्याला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, आजारी नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली. गेलेल्या दहांपैकी बहुतेक धुरात गुदमरून गेली. तिथे लाईन गेली नव्हती, आग विजेतूनच लागली. पण मच्छरदाणीजवळ मेणबत्ती ठेवताना किंवा पलंगाखाली मच्छरची कॉइल सरकवताना मला ती रात्र आठवते. ज्वाळा दिसायच्या आधी धूर आपलं काम करून जातो. आता तर चार्जिंगचा बल्ब शे-दोनशे रुपयांना मिळतो. कंदिलाच्या काचेवरच्या काजळीवर माझंही प्रेम आहे, पण ते दिवसा, फळीवर ठेवून.

2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इथल्या घरांत इन्व्हर्टर शिरला. एका बाजूला 2,320 मेगावॅटचं मौदा आणि दुसऱ्या बाजूला 3,300 मेगावॅटचं तिरोडा, ही दोन्ही केंद्रं त्यानंतर उभी राहिली. पण कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी तेव्हाही होती आणि तेव्हाही त्यांच्या सावलीतली गावं बारा-बारा तास अंधारात काढत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, हे आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकलो नाही. त्या काळात घेतलेला इन्व्हर्टर बहुतेकांनी देवघराखाली किंवा पलंगाशेजारी ठेवला. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरे. बॅटरीचं पाणी बघायला वर आगपेटीची काडी धरणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. नातं जवळचं असल्यानं जास्त लिहीत नाही. बॅटरीला मोकळी हवा हवी, तिच्यावर कपडे-गोधड्यांचा ढीग नको, आणि पाना फिरवताना मनगटात कडं नको.

उन्हाळ्याच्या रात्री लाईन लांबली की खरी कसोटी म्हाताऱ्या माणसांची. पारा 45 च्या पलीकडे गेलेल्या दिवसाची भिंत रात्री बारापर्यंत तापलेलीच असते. कूलर बंद, खोली भट्टी. पातळ चादर भिजवून अंगावर घ्यावी, अंगणात बाज टाकावी, पन्हं किंवा मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट द्यावं. घाम यायचा थांबला, माणूस बरळू लागला, तर लाईनची वाट बघू नये, 108 ला फोन करावा. खाली अंथरूण टाकू नये, हे मी ठासून सांगेन. धानाच्या बांध्या दारापर्यंत आलेल्या आमच्या भागात मण्यार रात्रीची निघते. ती चावते तेव्हा जवळजवळ दुखत नाही. पहाटे पापण्या जड झाल्या की घरच्यांना वाटतं झोप झाली नाही. बाज आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यावर हे टळतं. चावल्याची शंका आली तरी सरळ दवाखाना. मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवू नये.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांचा जीव अशा रात्री फ्रिजमध्ये अडकलेला असतो. फ्रिज उघडला नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, मात्र दर दहा मिनिटांनी "बघू बरं" म्हणून दार उघडणारे लोक तो अर्ध्या तासात संपवतात. वापरात काढलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे 25 ते 30 अंशांपर्यंत चालतं, पण मे महिन्यात आमच्या खोलीत 30 अंश म्हणजे महाबळेश्वर. अशा वेळी आजीचा माठ कामी येतो. बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून माठात किंवा ओल्या मडक्यात ठेवायची. कूलरचं तत्त्व तेच, लाईनशिवाय. पावसाळी दमट हवेत मात्र दोघंही हात टेकतात. बर्फात इन्सुलिन पुरू नये; गोठलेलं औषध वाया जातं.

पावसाळ्यात लाईन जाते ती वेगळी. 29-30 ऑगस्ट 2020 ला मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत आलं, गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहरात घरांघरांत पाणी शिरलं. पाणी पायरीला लागलं की मेन स्विच पाडायचा, पण कोरड्या पायानं, ओल्या पायानं नव्हे. पाणी ओसरल्यावर सॉकेट सुकून, कुणी जाणत्यानं बघितल्याखेरीज तो वर करायचा नाही. आणि चिखलात पडलेली तार मेलेली समजायची नाही. ती जमिनीत वीज सोडत असते. त्या जमिनीवर दोन पायांत जितकं अंतर, तितका धोका. गाय माणसाआधी पडते ती त्यामुळेच, तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. अशा तारेच्या तीस-पस्तीस फुटांत सापडलात तर पाय न उचलता, जोडून, घासत-घासत मागे सरका. गाय सोडवायला धावू नका. हे शेतकऱ्याला सांगणं किती कठीण आहे, ते मला ठाऊक आहे.

तक्रार कुठे करायची, हेही अंधारात आठवत नाही. महावितरणचा नंबर 1912, शिवाय 1800-212-3435 आणि 1800-233-3435. पलीकडून बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात, आणि तो असतो बिलावर, आणि बिल असतं कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते दिवसाही सापडत नाही. आम्ही तो क्रमांक मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करनं लिहून ठेवला.

दिवाळीत कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर गेलेला असतो आणि दारावर दिव्यांच्या माळा लागलेल्या असतात. होळीच्या सुमारास कूलर उतरतो तेव्हा इलेक्ट्रिशियन आठ-आठ दिवस मिळत नाही. म्हणून मी या वेळी त्याला दिवाळीआधीच बोलावलं. "काका, आता कूलर? थंडीत?" म्हणून तो हसला. पण त्यानं पंप बदलला, तीन पिनांचा प्लग लावला आणि मीटरच्या बाजूला नवी आरसीसीबी बसवली. तो गेल्यावर मी एकटाच तिच्यासमोर उभा राहिलो आणि ते छोटं बटन दाबलं. टक्‌ झालं. घर काळंठिक्कर.

"लाईन गेली," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "बघ रे, बाजूला आहे का?"

बाजूला होती. समोरच्या घरीही माळा लुकलुकत होत्या. मी खटका वर केला.

"आली," आई म्हणाली.